जिन्यात अडकलेलं कारण

बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, ही बातमी आमच्या गल्लीत मंगळवारी सकाळी निघाली आणि दुपारच्या जेवणाआधी शेवटच्या घरापर्यंत पोचली. दार लावून बसतात, एकट्याच मोठमोठ्याने हसतात, मध्येच कुणाला तरी "खोटारडा!" म्हणतात आणि पुन्हा हसतात. गल्लीच्या त्या टोकाला जाईपर्यंत बाई भिंतींशी बोलायला लागल्या होत्या. बातमी फिरून परत येईपर्यंत भिंती उत्तरंही द्यायला लागल्या होत्या. हे पसरवलं कुणी, असं बऱ्याच जणांनी मला विचारलं. मी फक्त इस्त्रीवाल्याला सांगितलं होतं. पुढचं त्याचं त्याने पाहिलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "भिंतीला कान लावून बसलात तेवढं पुरे. दार वाजवा आणि विचारा की सरळ."

वाजवलं. दार उघडंच होतं. बाई जमिनीवर बसल्या होत्या, समोर पत्र्याची ट्रंक, आणि चहूबाजूंना दोऱ्याने बांधलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ये. तुझ्या एकट्याच्या बत्तीस निघाल्यात."

डोकं अगदी जागेवर होतं. माझी मात्र बोबडी वळली.

या बाई म्हणजे आमच्या हायस्कूलच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेत त्यांना सगळे टोलबाई म्हणायचे, कारण शिपायाने शेवटचा टोल दिला की फाटकात स्वतः बाई उभ्या असायच्या. निवृत्त झाल्यावर त्या नेमक्या आमच्या मजल्यावर, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आल्या. पहिला आठवडाभर मी जिना उतरताना शर्ट आत खोचत होतो. पोटामुळे तो बाहेर यायचा, ही गोष्ट वेगळी.

आता चिठ्ठ्यांचं सांगतो, म्हणजे बाई का हसत होत्या ते कळेल.

उशिरा येणाऱ्याला बाई कधी मारत नसत, कोंबडाही करत नसत. ऑफिसात एक हिरवं स्टूल होतं. त्यावर बसायचं आणि चिठ्ठी लिहायची: नाव, इयत्ता, किती मिनिटं उशीर, आणि कारण. अट एकच. त्या शाळेत आधी कुणाचंही मान्य झालेलं कारण पुन्हा चालायचं नाही. मान्य कारणांची यादी भिंतीवर टांगलेली असे. सायकल पंक्चर, पोटात दुखणं, घड्याळ मागे पडणं ही सोपी कारणं आमच्या आधीच्या पिढ्यांनी खाऊन टाकली होती. बाई चिठ्ठी वाचायच्या, दोनपैकी एक शिक्का उचलायच्या आणि ठोकायच्या. 'मान्य' झाली तर वर्गात. 'अमान्य' झाली, किंवा कारण वापरलेलं निघालं, तर तिथेच बसून पाच नवी कारणं लिहायची.

आमच्या शाळेतून कुणी मोठा शास्त्रज्ञ निघाला नाही, पण विमा विकणारे, बातम्या लिहिणारे आणि लग्नं जमवणारे भरपूर निघाले, ते या स्टुलामुळे. नाक्यावरचा केमिस्ट अजून छाती काढून सांगतो, "मी लिहिलं होतं, की मी वेळेवरच निघालो होतो पण शाळा लांब गेली. बाईंनी दहा मिनिटं विचार केला आणि मान्य केलं! म्हणाल्या, तुझ्या चालण्याच्या वेगाने बघितलं तर बरोबर आहे." आणि मधल्या गल्लीतला सुतार दर वेळी तीच आठवण काढतो, की बाई त्याला त्याचं कारण तोंडी सांगू द्यायच्या आणि स्वतः लिहून घ्यायच्या, कारण तेव्हा त्याला धड लिहिता येत नव्हतं आणि हे वर्गात कुणाला कळू नये म्हणून बाई दार लोटून घ्यायच्या. दार लोटायच्या हे आम्हाला दिसायचं. आम्ही समजायचो आत त्याला बदडतायत.

तर या केमिस्टच्या डोक्यातून निघालं, की जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून बाईंचा सत्कार करायचा आणि त्यात निवडक चिठ्ठ्या वाचायच्या. बाई आधी नको म्हणाल्या, मग ट्रंक उघडून बसल्या, आणि मग हसायला लागल्या. पुढची बातमी तुम्हाला माहीतच आहे.

पण त्या संध्याकाळी एक चिठ्ठी बाईंनी गठ्ठ्यात परत ठेवली नाही. मी हात पुढे केला तर झटकन पदराखाली घेतली. मी काही इतका सभ्य माणूस नाही. चहा करायला बाई उठल्या तेव्हा ती जमिनीवरच राहिली, मी वाचून घेतली.

इयत्ता नववी. उशीर, एक तास पाच मिनिटं. कारण: 'वरच्या लोकांचं कपाट जिन्यात अडकलं. आम्ही सगळे कपाटाच्या वरच्या बाजूला होतो.' शिक्का: अमान्य. आणि मागे बाईंच्या अक्षरात अख्खी भूमिती. जिन्याची रुंदी, कपाटाची रुंदी, एक आकृती, आणि खाली दोन रेघा मारून, 'सबब कपाट अडकणे अशक्य.'

बाई भूमिती शिकवायच्या, हे सांगायचं राहिलंच.

ही चिठ्ठी ज्या मुलीची, ती आज आमच्या रस्त्यावरची दातांची डॉक्टर आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी बाईंनी ती चिठ्ठी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर वाचली होती, महिन्यातली सर्वांत सुंदर थाप म्हणून. बक्षीस दिलं होतं, एक पेन्सिल. मुलगी रडत सांगत होती, "बाई, खरंच अडकलं होतं!" आणि शाळा पोट धरून हसत होती. त्या दिवसापासून दहावी संपेपर्यंत तिचं नाव 'कपाट'. नाव ठेवणारा हाच केमिस्ट.

डॉक्टरणीने सगळ्यांना माफ केलं. केमिस्टच्या तीन दाढा तिनेच काढल्या, त्यात थोडा सूड असला तर असेल. बाईंना मात्र नाही. रस्त्यात दिसल्या की नमस्कार करायची आणि पुढे जायची. आणि बाई? बाईंची एक दाढ दोन वर्षं ठणकत होती. खालीच दवाखाना, पण दाढ दाखवायला बाई दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायच्या. मला हे कसं माहीत? मी शेजारी आहे.

केमिस्ट आमंत्रण घेऊन गेला तेव्हा डॉक्टरणीने आरशासारखं स्वच्छ सांगितलं, "माझ्या चिठ्ठीवर 'मान्य' चा शिक्का बसला तर येईन. तोही सगळ्यांसमोर. नाहीतर मला त्या दिवशी पेशंट आहेत."

केमिस्ट ते घेऊन बाईंकडे आला. मी होतोच.

"पुरावा आहे का तिच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"बाई, सत्तावीस वर्षं झाली. कपाटही मोडीत गेलं असेल."

"मग मी कशी बदलू? ती चांगली मुलगी होती, मला ती आलेली हवी आहे. पण भूमितीत बसत नाही रे. तीन फूट जिना, दोन फूट कपाट. मी चार वेळा सोडवून पाहिलंय."

"कधी?"

"सोमवारी, मंगळवारी..." बाई थांबल्या. "तुम्हाला काय करायचंय? चहा घ्या आणि निघा."

केमिस्ट जिना उतरताना म्हणाला, "ती नाही आली तर कार्यक्रमाला अर्थ नाही यार. नाव मी ठेवलं होतं."

आता पुढचं जे घडलं ते मी मुद्दाम केलेलं नाही. गल्लीत एकाचाही यावर विश्वास बसत नाही, आणि माझा लौकिक पाहता त्यांचं बरोबर आहे. पण खरंच, बायकोने कपाट महिन्यापूर्वी सांगितलं होतं, ते शुक्रवारी यायचं होतं, टेम्पो बिघडला आणि ते रविवारी सकाळी नऊला आलं. सत्कार दहाला होता.

चार हमालांनी कपाट उचललं, पहिला मजला चढवला, आणि वळणावर ते गच्च बसलं. वर जाईना, खाली येईना. वरच्या बाजूला आम्ही: मी, बायको, आणि पर्स खांद्याला लावून, नवी चप्पल घालून, पावणेदहाला दाराबाहेर पडलेल्या बाई.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"कपाट आहे, बाई," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. आयुष्यात एकदाही उशीर न केलेली बाई. घरात जाऊन त्या मोठा लाकडी त्रिकोण घेऊन आल्या, शाळेतला, फळ्यावर वापरायचा. जिन्याच्या कठड्यावरून वाकून ओरडायला लागल्या, "डावा कोपरा वर! तीस अंश! तीस म्हणजे तीस, पन्नास नव्हे!" खालून हमाल म्हणाला, "आजी, अंश नाहीत, जागा नाहीये." आणि चौघं चहा प्यायला निघून गेले.

बायको माझ्याकडे बघत होती. त्या नजरेचं भाषांतर मी इथे करत नाही.

शेवटी मी फोन करून सुताराला बोलावलं. तो सत्कारासाठी कडक इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता, तसाच हत्यारं घेऊन आला. खालच्या पायरीवर बसून त्याने कपाटाचे पाय काढायला घेतले. काम करता करता वर बघून म्हणाला, "सरळ जिन्यात नाही अडकत बाई, कधीच नाही. वळणावर अडकतं. कपाट वळताना त्याची लांबी मोजायची, रुंदी नाही."

बाईंनी पर्स उघडली, त्यातून ती चिठ्ठी काढली. म्हणजे पर्समध्ये घेऊन निघाल्या होत्या! मागची आकृती बराच वेळ पाहिली. मीही मान लांब करून पाहिली. आकृतीत जिना पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. वळण नव्हतंच.

"तिने लिहिलं नव्हतं वळण आहे म्हणून," मी बाईंची बाजू घ्यायला गेलो.

"मी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

पाय निघाले, कपाट सुटलं, आणि आम्ही शाळेत पोचलो तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. सभागृह भरलेलं. आणि व्यासपीठाजवळच्या दारात काय, तर ते हिरवं स्टूल! केमिस्टने भांडारातून शोधून आणलं होतं, गंमत म्हणून, पाहुण्यांना दाखवायला. बाई पन्नास मिनिटं उशिरा येतील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण संधी सोडेल तो केमिस्ट कसला. एका हातात कोरी चिठ्ठी, दुसऱ्या हातात भिंतीवरची जुनी यादी, आणि समोरच्या टेबलावर ते दोन शिक्के.

"बाई, नियम म्हणजे नियम."

बाई स्टुलावर बसल्या. लिहिलं. केमिस्टने माइकवर वाचलं, "उशीर, पन्नास मिनिटं. कारण, कपाट जिन्यात अडकलं." सभागृहात कुजबुज सुरू झाली. एव्हाना मी डॉक्टरणीला फोन करून कपाटाचं सांगितलेलं होतं, त्यामुळे ती मागच्या दारात पांढऱ्या कोटातच उभी होती, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढलेला. कुठला तरी पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघत असणार.

केमिस्ट चाचरत म्हणाला, "बाई, हे कारण आधी..."

"यादीत आहे का?"

"नाही. अमान्य होतं ना ते."

"मग वापरलेलं नाही."

"पण बाई, तेव्हा अशक्य होतं तर आज शक्य कसं? तुमचंही अमान्य करावं लागेल. आणि तिचं मान्य केलं तर तुमचं वापरलेलं ठरेल." केमिस्टला स्वतःच्याच बोलण्याचा घाम फुटला. "म्हणजे, दोन्हीकडून पाच कारणं."

बाई हसल्या. मंगळवारी भिंतीपलीकडून ऐकलं होतं तसं. "शिकलास तू माझ्याकडे," म्हणाल्या. मग पर्समधून जुनी चिठ्ठी काढली, 'सबब अशक्य' वर आडवी रेघ मारली, केमिस्टच्या टेबलावरचा शिक्का उचलला आणि असा ठोकला की पुढच्या रांगेतले दचकले. मान्य. तीच चिठ्ठी त्यांनी वर धरून सगळ्या सभागृहाला दाखवली आणि म्हणाल्या, "ही मुलगी खरं बोलत होती. आकृती माझी चुकली होती. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे हसलात."

आणि पुन्हा स्टुलावर बसून पाच नवी कारणं लिहायला लागल्या. सत्कारमूर्ती स्टुलावर, व्यासपीठ रिकामं, फुलांचा गुच्छ केमिस्टच्या काखेत. दोनशे माणसं वाट बघत होती. सुतार शर्टाने डोळे पुसत होता, लाकडाचा भुसा गेला म्हणे.

डॉक्टरीण रांगांमधून पुढे आली. मी बाईंच्या खांद्यावरून डोकावलो. चार कारणं धमाल होती, ती मी इथे सांगत नाही, बाईंनी यादीत घालायला ठेवलीत. पाचवं एवढंच होतं: 'शेजाऱ्याने मुद्दाम केलं असावं, पण पुरावा नाही.'

डॉक्टरणीने आपली जुनी चिठ्ठी वाचली, शिक्का पाहिला, बोटाने हलकेच पुसून बघितला, खरा आहे का म्हणून. मग शक्य तितकं रागावून म्हणाली, "बाई, सत्तावीस वर्षं उशीर केलात तुम्ही."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"चिठ्ठी लिहिली आहे ना मी? मग झालं तर. जा, जागेवर बस. आणि कार्यक्रम संपला की माझी दाढ बघ."