तिसऱ्या भागाचे तांदूळ

"आला का तिसरा?" सावंगीच्या दवाखान्यात शांतानं मला हेच विचारलं. नर्सबाईला वाटलं, आजी सलाईनची तिसरी बाटली मागून राह्यली. "आणते हो," म्हणाली बिचारी. शांता नाकात नळी असून हसली... ती काय विचारते ते मला माहीत होतं. कंप्युटरवरच्या खेळाचा तिसरा भाग. त्या सकाळनंतर माझी बायको बोलली नाही, अन् संध्याकाळी गेली. आता महिना उलटून गेला. मी चौथी शिकलेला, पुलगावच्या कापडगिरणीत साच्यावर जन्म काढलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण कुठंतरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आमचा प्रकाश नोकरीला पुण्याला गेला अन् त्याचा कंप्युटर घरीच राहिला. पाहुणा झोपला आहे असं समजून शांता त्यावर टॉवेल पांघरून ठेवायची. एका दिवाळीत प्रकाशनं तिला माउस धरायला शिकवलं अन् एक खेळ लावून दिला. खेळात एक पोरगी नाव वल्हवत नदीकाठच्या गावागावांत आपली हरवलेली बहीण शोधते. बोलणं सगळं इंग्रजी, शांताला एक अक्षर कळत नसे. पण कुठला घाट मोडला, कोण खोटं बोलून राह्यलं, ते ती चेहरे पाहून ओळखायची. पोरीचं नाव तिनंच शेवंती ठेवलं.

तिच्या माहेरी एक रीत होती. श्रावणात कहाणी ऐकायला बसलं की मुठीत तांदळाचे दाणे धरायचे अन् कहाणी पुरी झाली की देवापुढं सोडायचे. अर्ध्यात टाकायचे नाहीत. मधेच उठणं आलंच, तर दाणे दुसऱ्याच्या हातावर ठेवून उठायचं. शांतानं तीच रीत खेळाला लावली. उजव्या हातात माउस, डाव्या मुठीत तांदूळ! मी म्हणायचो, "अवं, हा कंप्युटर हाये, देव्हारा नोहे."

"कहाणी थे कहाणीच. तुमी चूप बसा जी, शेवंतीची नाव अटकली."

पहिला भाग संपला, तिनं दाणे सोडले. दुसऱ्या भागाच्या शेवटी नदीवर धुकं, पलीकडून बहिणीची हाक... अन् पडदा काळा. पुढचं तिसऱ्या भागात. शांतानं मुठीतले दाणे मलमाच्या रिकाम्या डबीत ठेवले अन् डबी कंप्युटरपाशी. येईल म्हणाली दिवाळीपर्यंत.

अशा किती दिवाळ्या गेल्या. प्रकाशचा फोन आला की जेवलास का नंतर, आधी तिसऱ्याचं विचारणं. तो सांगायचा, कंपनी म्हणते काम सुरू आहे. मग एकदा त्यानं भीत भीत सांगितलं, कंपनीनं बंदुकांचा दुसराच खेळ काढला. शांता अशी भडकली! "पहिलीले मांडवात उभी ठेवली, अन् दुसरीचं लगन लावून राह्यले मेले!" इंटरनेटवर देशोदेशीचे लोक त्या कंपनीला शिव्या घालतात, हे प्रकाशनं वाचून दाखवलं तेव्हा कुठं तिला बरं वाटलं. "म्हंजे मी एकटीच येडी नाई." त्या गर्दीत तिनंही प्रकाशकडून मराठीतच दोन ओळी टाकून घेतल्या... शेवंतीले तीराले लावा, पोट्टी थकली. उत्तर कुठलं येते? आम्ही गिरणीत अर्धं विणलेलं धोतर साच्यावर टाकून कधी घरी गेलो नाही. मुकादमानं कान उपटला असता. त्या कंपनीत मुकादम नसेल.

तर त्या सकाळी तिनं विचारलं, "आला का तिसरा?" प्रकाश मागून खुणा करत होता, हो म्हणा बाबा. मला नाही जमलं. म्हटलं, "नाई आला. अन् थे लेकाचे आणत बी नाईत."

"बरं केलं खरं सांगतलं," ती म्हणाली. "आला म्हणाले असते, तं कहाणी अर्धीच असून दाणे सोडा लागले असते." उशीखालून तिनं ती डबी काढली. घरून कधी आणली होती, देव जाणे. झाकण तिला निघेना, मी काढलं. तिनं दाणे माझ्या तळहातावर ओतले अन् माझी बोटं एकेक करून मिटवली.

"धरा. मले उठा लागते आता."

तेरवीच्या दिवशी सूनबाई म्हणाली, बाबा, ते तांदूळ नदीत सोडून देऊ. प्रकाश म्हणाला, कंप्युटर जुना झाला, देऊन टाकू कुणाला. मी दोघांनाही नाही म्हटलं. मला ते यंत्र चालवता येत नाही, फक्त बटण माहीत आहे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की टॉवेल काढतो, बटण दाबतो, अन् डाव्या मुठीत दाणे धरून बसतो थोडा वेळ. मग दाणे डबीत, टॉवेल जागेवर. शेवंती काठाला लागलीच कधी, तर दाणे सोडायला घरात कुणी पाहिजे.