पंचफुलाबाईची म्हातारी मांजर

लेकी नांदायला गेल्यापासून आखाडा बाळापूरच्या पंचफुलाबाईच्या घरात दोघीच होत्या, ती आणि तिची म्हातारी मांजर. मांजरीच्या पोटाखाली गाठ आली, तशी बाई तिला पदरात घेऊन ढोरांच्या दवाखान्यात बैलांच्या रांगेत उभी राहिली.

डॉक्टरनं गाठ चाचपली. "कॅन्सर आहे, मावशी. कापावं लागेल. पण बारा वर्षांची मांजर, झेपणार नाही."

"बैल घेताना वय इचारता, का दात बगता?" बाईनं मांजरीचा जबडाच उघडला. "बगा, एक बी पडला न्हाई!"

डॉक्टरला हसू फुटलं. त्यानं गाठ काढली.

आठव्या दिवशी टाके काढताना तो म्हणाला, "गाठ पुन्हा येऊ शकते हं."

"येईल तवा बगू. आज माझी सुकट चोरून खाल्ली तिनं, सटवीनं!"