डिस्प्लेची भाकरी

“ती घेऊ नकोस. ती डिस्प्लेची आहे.”

माझ्या खोलीतली मैत्रीण रेणुका टोपलीतली भाकरी उचलत होती. तिला भूक लागली होती. भाकरी ऊन होती, नुकतीच तव्यावरून उतरलेली. मेळ्याच्या विद्यार्थी-समितीच्या सेक्रेटरीनं हसत हसत ती तिच्या हातातून काढून घेतली आणि परत टोपलीत ठेवली.

“खायची आत आहे. पडद्यामागं जा, ताट मिळेल.”

टोपलीपासून दोन हातांवर माझी आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

मी इरकल नेसून स्टॉलच्या तोंडाशी उभी होते. पाहुण्यांना माहिती सांगायचं काम माझ्याकडं होतं. ही काठवट, हे उलथणं, हा जोंधळा. वर ‘हळ्ळी मने’ असा कन्नड फलक. खेड्यातलं घर. विद्यापीठात वर्षातून एकदा असा मेळा भरतो. प्रत्येक विभाग एक स्टॉल लावतो. आपल्याकडं किती तऱ्हेची माणसं शिकतात ते दाखवायचं, असा त्याचा हेतू.

मी माहिती सांगायचं सोडून पडद्यामागं गेले. तिथं खानावळीतून आणलेले डबे होते. कागदासारख्या पातळ, कडक भाकऱ्यांची चळत. भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही. माणसं पुढं आईचे फोटो काढत होती आणि मागं येऊन खानावळीचं जेवत होती.

“असं का?” माझ्यामागून आलेल्या सेक्रेटरीला मी विचारलं.

“अगं, मोठे पाहुणे आहेत. हायजीन बघावं लागतं.”

“आई साबणानं हात धुऊन बसलीय.”

“तसं नाही गं.” तिनं एका डब्याचं झाकण सरळ केलं. “खानावळीचं कसं, सगळ्यांना चालतं.”

मी समाजशास्त्राची एम.ए.ची विद्यार्थिनी. या वाक्याचा अर्थ मला कुठल्या पुस्तकात शोधावा लागला नाही.

आमचं गाव अळणावरजवळ. आमची घरं गावाच्या टोकाला. त्या वस्तीला केरी म्हणतात. केरीतली म्हटलं की आमच्याकडं जात वेगळी विचारावी लागत नाही. आई दुसऱ्यांच्या भातात राबते. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. गावातल्या शाळेत शिकले, मग अळणावरला, मग धारवाडला. ज्यांनी मला शिकवलं त्या प्रत्येक गुरुजींचं नाव मी अजून आदरानं घेते. मला कृतज्ञ राहायला शिकवलं होतं आणि मी ते मन लावून शिकले होते.

सगळ्यांत जास्त कृतज्ञ मी आमच्या मॅडमची होते. मॅडम हुबळीच्या. घराणं मूळचं मिरजेकडचं, हुबळीच्या बाजारात तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. विभागात सगळा कारभार कन्नडमध्ये चाले. मला कन्नड येतं, घरात निम्मं तेच असतं. पण पहिल्या दिवशी मॅडमनी माझं आडनाव बघून मराठीत विचारलं, “अय्या, आपली मुलगी का तू?” आणि मला घरातच आल्यासारखं वाटलं. वसतिगृहाच्या अर्जावर त्यांची सही लागायची. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, “जा, झालं तुझं काम.” खोली मिळाली. मी पेढे घेऊन गेले. त्यानंतर दोन वर्षं मॅडमचं काहीही काम असो, मी हजर. प्रश्नावल्या भरणं, कार्यक्रमाच्या रांगोळ्या, पाहुण्यांचे हारतुरे. रेणुका म्हणायची, “तुझ्या मॅडमची सावलीसुद्धा तुझ्यापेक्षा उशिरा पोचते.” रेणुका नवलगुंदकडची. तिची जीभ अशीच आहे.

स्टॉलची कल्पना मॅडमचीच. “खरीखुरी खेड्यातली बाई हवी. तुझ्या आईला बोलाव ना. किती छान वाटेल त्यांना.”

मला छानच वाटलं. मी फोन केला. सुगीचे दिवस होते, आई मळणीवर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“आपल्या हातचं खातील काय गे ती माणसं?”

मी हसले. “आई, ते विद्यापीठ आहे.”

ही माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही. सोळा-सतरा वर्षं शाळा-कॉलेजात काढून मी एवढं शिकले होते की आईला खात्री देऊ शकत होते.

ती पहाटेच्या बसनं आली. काठवट आणि तवा पोत्यात गुंडाळून आणला होता. परक्या तव्यावर भाकरी फुगत नाही म्हणाली. आमच्याकडं रोजचा भात, कधी नाचणीची भाकरी. पण मॅडमना जोंधळ्याची हवी होती, म्हणून तिनं आदल्या दिवशी जोंधळा दळून आणला होता.

पडद्यामागून मी बाहेर आले तेव्हा तिनं कपाळावरचा घाम दंडाला पुसला आणि विचारलं, “खायलेत काय गे? मऊ हायत न्हवं?”

टोपली शिगोशीग भरलेली होती. सेक्रेटरीनं मघाशीच वरच्या दहा-बारा काढून टेबलाखालच्या खोक्यात टाकल्या होत्या, टोपली ओसंडून फोटो बिघडत होता म्हणून.

“खायलेत की,” मी म्हणाले. “मागून मागून घ्यायलेत.”

“मग आणि धा थापू?”

मी मान हलवली. हो म्हणून. ती पुन्हा पिठाला बसली. धुरात. माझ्या खोट्यापायी तिनं आणखी दहा भाकऱ्या थापल्या, कुणीच खाणार नव्हतं अशा. त्या मला आजही मोजता येतात, एकेक थाप ऐकू येते.

आमच्या स्टॉलला पहिलं बक्षीस मिळालं. मॅडमनी आईला शाल दिली. वाकून, दोन्ही हातांनी, अंगाला हात न लागता. फोटो निघाला.

बसस्टँडवर अळणावरची गाडी लागलेली होती. आई खिडकीशी बसली, मी खाली उभी. ती म्हणाली, “त्येंच्या ताटात पातळ भाकरी हुती. कडक. माझी तसली असती काय?”

मी बसच्या पाटीकडं बघायला लागले.

“पडदा काय भिंत न्हवं. दिसतंय की.”

“आई, मला खरंच माहीत नव्हतं.”

“तुला न्हवतं ठावं. मला हुतं. फोनवर तुझा आवाज एवढा खुललेला, म्हणून आले.” मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “त्येंनी खाल्लं न्हाई, ते रोजचं हाय. तू माझ्याशी खोटं बोललीस, ते नवीन हाय.”

गाडी सुटली. मी हॉस्टेलवर गेले नाही. केलगेरीच्या तळ्यापर्यंत चालत गेले, तिथून परत, मग पुन्हा निम्म्या वाटेवर. बसवेना. पुढचे कितीतरी दिवस असंच. वर्गात बसले की उठावंसं वाटे, उठले की जायला जागा नसे. मॅडम समोरून आल्या की हात आपोआप नमस्काराला जुळत. मला माझ्या हातांचा राग येई.

मग मॅडमनी बोलावलं. विद्यापीठाची तपासणी करायला बाहेरून एक समिती येणार होती. मेळ्याचा अहवाल तिच्यापुढं ठेवायचा होता. आईचा फोटो पहिल्या पानावर. समोरच्या पानावर माझं मनोगत, फोटोतल्या बाईची मुलगी म्हणून.

“तुझ्या शब्दांत लिही,” मॅडम म्हणाल्या. “सगळे एका पंगतीत जेवलो, भेद उरला नाही, असं. आणि हॉस्टेल कसं मिळालं तेही लिही. सोबत हॉस्टेलच्या मंजुरीची प्रत जोड.”

प्रत आणायला मी वसतिगृहाच्या कचेरीत गेले. तिथल्या क्लार्कनी जुनी फाइल काढली, बोट फिरवलं. कन्नडमध्ये म्हणाले, “हे बघ, राखीव जागांची यादी. तुझं नाव चौथं.”

“सर, ती खोली मॅडमनी मिळवून दिली ना?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडमनी? त्या सही करतात. यादीतल्या सगळ्यांच्या अर्जावर करतात. नाही केली असती तर आम्ही विचारलं असतं, का केली नाही म्हणून.”

मी ती यादी वाचली. पुन्हा वाचली. माझं नाव माझ्या गुणांपुढं छापलेलं होतं. मी नंबरानं आले होते आणि पेढे दुसरीकडं वाटले होते.

रेणुकाला सांगितलं. ती केस विंचरत होती. म्हणाली, “तुला आज कळलं? तुझ्या खाली पाचवं नाव माझं आहे. मी कुणाला पेढे दिले?”

मी बसून मनोगत लिहिलं. तीन ओळी झाल्या. ‘माझ्या आईनं स्टॉलवर ज्या भाकऱ्या थापल्या त्यांतली एकही कुणाला वाढली गेली नाही. रेणुकानं एक उचलली, ती तिच्या हातातून काढून घेण्यात आली. पाहुणे जे जेवले ते खानावळीतून आणलेलं होतं.’ खाली सही.

मॅडमनी वाचलं. चेहरा पडला त्यांचा. त्या वाईट माणूस आहेत असं मी आजही म्हणणार नाही.

“हे काय लिहिलंस?”

“झालं ते.”

“अगं, मी कधी तरी भेद केलाय का तुझ्याशी? माझ्या घरी आलीस, चहा प्यालीस.”

“हो मॅडम. चहा दिलात. भाकरी खाल्ली नाहीत.”

“ते मुलांनी ठरवलं. मला शेवटी कळलं.”

“कळल्यावर?”

 त्या टेबलावरचे कागद नीट करत म्हणाल्या, “पीएच.डी.साठी गाइडचं मी बोलणार होते तुझ्यासाठी. तू आपली म्हणून. हे असं बाहेर गेलं तर कोण घेईल तुला?”

आवाजात धमकी नव्हती. काळजी होती. त्यामुळेच ते जास्त लागलं. आतापर्यंत मला असंच काळजीनं खाली बसवलं होतं.

“हे लावता येणार नसेल तर काहीच लावू नका,” मी म्हणाले. “आणि आईचा फोटोही अहवालातून काढा.”

“फोटो किती सुरेख आलाय.”

“काढा.”

मी त्यांच्यापुढं पहिल्यांदा एका शब्दात बोलले.  नमस्कार न करता बाहेर आले.

अहवालातून फोटो काढला नाही. मग मी कुलसचिवांच्या नावे अर्ज केला, त्याच तीन ओळी आणि फोटो वगळण्याची मागणी. आवक खिडकीवरच्या बाई प्रतीवर शिक्का मारीनात. “ठेवून जा,” म्हणाल्या. मी गेले नाही. मागची रांग कुरकुरायला लागली, तरी खिडकीचा गज धरून उभी राहिले. शिक्का पडला. मग आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, खोक्यात टाकलेल्या भाकऱ्यांसकट.  ती म्हणाली, “शिक्क्याचा कागद जपून ठेव.” एवढंच.

आता वर्गात माझ्या बाकावर दोघी कमी बसतात. सेक्रेटरी मला बघून रस्ता बदलते. गाइडचं कुणी बोलणार नाही. पीएच.डी.ला प्रवेशपरीक्षा आहे, तिची गुणांनुसार यादी लागते, तेवढं पुरे.

समिती सोमवारी येतेय. विद्यार्थ्यांशी बोलायला त्यांनी वेळ ठेवलाय. विभागानं वीस नावं दिली आहेत, त्यांत माझं नाही, रेणुकाचं नाही. मी जाणार आहे. दारात अडवलं तर दारातून सांगेन. कन्नडमध्ये सांगेन, मराठीत सांगेन, अडखळत का होईना इंग्रजीत सांगेन. ‘नंतर बोलू’ म्हणाले तर नंतरपर्यंत उभी राहीन. त्यांचा अहवाल काय यायचा तो येवो. माझ्या आईच्या हातचं कुणी खाल्लं नाही, हे या विद्यापीठाला माझ्या तोंडून ऐकावं लागेल, आणि ते ऐकताना मी खाली बसलेली नसेन.