सोमवारची हत्तीण

खिमबहादुर छंत्यालला देवाने दोनच गोष्टी भरभरून दिल्या होत्या: कल्पनाशक्ती आणि सोमवार. बाकीचं वाटप चाललं होतं तेव्हा हा बहुधा तंदूरपाशी उभा असावा.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या लहान शहरात होमनाथदाजूंचं जेवणघर आहे; दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. पाटी भारतीय जेवणाची, भिंतीवर ताजमहाल, आणि आत राबणारे सगळे नेपाळातल्या बागलुंगच्या डोंगरातले. ताजमहाल त्यांनी त्या भिंतीवरच पहिल्यांदा पाहिला. खिम तिथे उशीएवढाले नान भाजायचा. बायको सुनमाया भांडी विसळायची. दोघांना सुट्टी एकच, सोमवारची.

आणि सोमवारी त्या शहरात प्राणिसंग्रहालय बंद, मत्स्यालय बंद, टेकडीवरचं आगगाड्यांचं संग्रहालयही बंद. सोमवारी सण आला की ती मंडळी दार उघडत आणि मंगळवारी बंद ठेवत. पण सणाचं गिऱ्हाईक दाजू कसं सोडतील? तेही दुकान चालू ठेवत आणि सुट्टी मंगळवारी देत. सहा वर्षांत हा पेच एकदाही सुटला नाही.

दुसरा बाप पोरांना टीव्हीपुढे बसवून घोरत पडला असता. खिमचं तसं नव्हतं. थोरली रिजिता चार वर्षांची असताना एका सोमवारी त्याने तिला सायकलवर बसवलं, धाकटा तान्हा कांछा सुनमायाच्या पाठीला बांधला आणि धापा टाकत प्राणिसंग्रहालयाचा चढ चढला. फाटकाला कुलूप. फाटकावर निळी हत्तीण रंगवलेली. तिच्याकडे बघत पोरीने असं भोकाड पसरलं, की पलीकडच्या देवळातला पुजारी बाहेर आला.

खिमने सायकल भिंतीकडेने मागच्या बाजूला नेली. तिथे बांबूचं बन, शेवाळलेली उंच भिंत, आणि माणूसकाणूस नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी पाणी ओतत होतं.

"ऐकलंस?" खिम हळूच म्हणाला. "बदामकली अंघोळीला बसली."

पोरगी रडायची थांबली. "कोण बदामकली?"

झालं. त्या दिवसापासून दोन वर्षं, दर सोमवारी, चौघं भिंतीला पाठ लावून बसायची. सुनमाया भाजलेला मका आणि उकडलेली अंडी काढायची. धुकं बांबूंतून खाली उतरायचं, आणि भिंतीआडची बदामकली मोठी मोठी होत जायची. ती नेपाळच्या तराईतून पायी चालत आलेली. पाऊस तिला आवडत नाही म्हणून ढगांना सोंडेने बाजूला सारते. राखणदार झोपला की त्याचे बूट पळवून पाणघोड्याच्या पायांत घालून बघते. एकदा हौदात चंद्र पडला, तर तिने तो सबंध आठवडा पाठीवर वाळत घातला होता. कांछा मक्याचा घास तोंडात तसाच धरून ऐकायचा. सुनमाया म्हणायची, "रिजिताचे बाबा, तुमच्या हत्तिणीला चंद्र वाळत घालायला येतो, तुम्हाला स्वतःचे मोजे येत नाहीत."

आता ऑक्टोबरात काय झालं, पाळणाघराची चिठ्ठी आली. गुरुवारी सहल, मुलांसोबत एका पालकाने यायचं, ठिकाण प्राणिसंग्रहालय. चिठ्ठी रिजितानेच वाचून दाखवली, कारण त्या घरात जपानी अक्षरं तिला एकटीला येत. खिम आनंदाने फुगला आणि सुट्टी मागायला दाजूंकडे गेला. तिथे गल्ल्यावर दाजूंची बायको, म्हणजे वहिनी, बसलेल्या. या वहिनींच्या पोटात बातमी कढीइतकीसुद्धा टिकत नाही.

"पोरीला हत्तीण दाखवायचीय म्हणतोस?" वहिनी म्हणाल्या. "खिम, अरे ती जाऊन नऊ वर्षं झाली!"

"कुठे जाऊन?"

"वर! अख्खं शहर फुलं घेऊन गेलं होतं. मी केळ्यांची फणी वाहून आले. त्यानंतर हत्ती आणलाच नाही त्यांनी."

"मग ते पाणी कोण ओततं?"

"झाडलोट करणारा असेल. तुझी काय समजूत होती?"

दाजू हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "जा गुरुवारी. पण संध्याकाळच्या नानला परत ये. जिवंत असलास तर."

बदामकलीची गोष्ट रिजिताने पाळणाघरातून घरोघरी पोचवली होती. पोरं तिला 'हत्तीणवाली' म्हणत. आता गुरुवारी बावीस पोरांसमोर तिचं हसं होणार, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तिला कळणार, की आपला बाप दोन वर्षं थापा मारत होता. त्यानंतर त्याच्या कुठल्या शब्दावर ती विश्वास ठेवील?

मधल्या सोमवारी, भिंतीशी बसल्यावर, त्याने घसा खाकरला. "रिजू, बदामकलीचं एक सांगायचंय."

"सांगा ना," असं म्हणून पोरगी त्याच्या कुशीत सरकली. कांछाने त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. धुक्यात पाण्याचा आवाज आला. आणि या गड्याने काय सांगितलं? बदामकली झोपलेल्या सुसरीला उठवायला गेली आणि तिच्या शेजारीच झोपून गेली, हे सांगितलं! सुनमायाने अंडं सोलता सोलता नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्याला आमच्याकडे चपराक म्हणतात.

गुरुवारी फाटक उघडं होतं. खिमला ते विचित्रच वाटलं, जणू कुणाच्या घरात न विचारता शिरतोय. माकडं झाली, पाणघोडा झाला, त्याच्या पायांत बूट नव्हते. मग कोपऱ्यावर ती जागा आली. रिकामं अंगण, कोरडा हौद, कठड्याशी हत्तिणीच्या आठवणीचा एक लहानसा दगड आणि त्यापुढे दोन सफरचंदं.

"ए हत्तीणवाली," काइसेइ नावाचा दांडगट पोरगा ओरडला, "कुठंय तुझी हत्तीण?"

सगळी पोरं वळली. पाळणाघरातल्या नोनोमुराबाई काहीतरी गोड बोलायला पुढे आल्या. खिमने पोरीचा हात घट्ट धरला. बोलायचं होतं; ऐकलेलं त्याला बरंचसं कळायचं, पण बोलायचं जपानी म्हणजे 'या बसा', 'तिखट किती?' आणि 'आभारी आहे'. यातलं काय उपयोगी पडणार?

रिजिताने काइसेइकडे असं पाहिलं, जसं वहिनी उधारीच्या गिऱ्हाइकाकडे बघतात.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "ती फक्त सोमवारी असते."

"सोमवारी तर बंद असतं!"

"म्हणूनच."

काइसेइने आईचा पदर, म्हणजे जॅकेटचं टोक, ओढलं. "आपण कधी सोमवारी आलोय?"

परतताना उतारावर पोरीला बसवून खिमने सायकल हातात धरून चालवली.

"रिजू, तुला ठाऊक होतं?"

"ती गेल्याचं आणि त्या दगडाचं फाटकावर लिहिलंय. मला अक्षरं आली तेव्हाच वाचलं."

"म्हणजे कधी?"

"उन्हाळ्यात."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

तिने मागे वळून पाहिलं, जरा कीव येऊन. "मग सोमवारी तुम्ही काय केलं असतं?"

खिमला डोळे पुसायला सायकल थांबवावी लागली. संध्याकाळी नान करपले, दाजू ओरडले, ते वेगळं.

पुढच्या सोमवारी दुपारनंतर बांबूच्या बनात पाच सायकली लागल्या. काइसेइ आईला घेऊन हजर. आणखी तीन बायका, सहा पोरं, कुणाच्या डब्यात भाताचे त्रिकोण, कुणाच्या डब्यात कापलेली केशरी पर्सिमॉन फळं. सुनमायाने मका सगळ्यांना वाटला आणि नवऱ्याला कोपर मारलं. "हं, बसा आता वस्ताद. प्रेक्षक आलेत."

खिमने तोंड उघडलं. नेपाळी कुणाला कळणार? जपानीत त्याला बदामकलीला फार तर बसायला सांगता आलं असतं. त्याने लेकीकडे पाहिलं. ती उठली, सगळ्यांना दिसेल अशी मधे बसली आणि हळू आवाजात जपानीत सांगू लागली.

खिमला निम्मं कळत होतं, निम्मं धुक्यात निसटत होतं. सुसरीपर्यंत त्याचंच होतं. मग हत्तीण उठली, भिंत ओलांडून उताराला लागली आणि समुद्राकडे निघाली. हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. किनाऱ्यावर तिला कुणीतरी भेटलं, पण कोण भेटलं तो शब्द त्याला येईना. विचारावं म्हणून त्याने शेजारी काइसेइच्या आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

मग त्यानेही मिटले.