नारळ तोच आहे

गेल्या शनिवारी सायलीच्या कॉलेजात गेले होते. ठाण्यातलंच कॉलेज, आमच्या वर्तकनगरहून बसने वीस मिनिटं. तिथे जे झालं ते कुणाला सांगूच नये असं वाटत होतं... पण सांगायचं ते पोटात ठेवलं की काय होतं, हे आता कळलंय. म्हणून लिहिते.

सायली माझी मुलगी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेऊन. त्यांच्या मॅडम लेक्चर सुरू करायच्या आधी सगळ्या वर्गाला पाच मिनिटं गप्प बसवतात. डोळे मिटून नुसता श्वास बघायचा. मी दहावी झालेली बाई... मला आपलं वाटायचं, आम्ही इतकी वर्षं रोज सकाळी माळ घेऊन देवापुढे बसतो, आम्हाला कुणी मार्क दिले नाहीत. तसं मी तिला बोलूनही दाखवलं होतं.

मग मॅडमनी एक काम दिलं. घरातली एकच वस्तू निवडायची, एकवीस दिवस रोज पंधरा मिनिटं तिच्याकडे बघायचं आणि दिसेल तेवढंच वहीत लिहायचं. सायलीने नारळ घेतला. सोललेला, शेंडीवाला, आपला नेहमीचा. खिडकीशी स्टुलावर ठेवला आणि रोज संध्याकाळी समोर बसायला लागली.

आमचे हे रोज चिडवायचे. "काय गं, आज काही बोलला का नारळ?" ती म्हणायची, "बाबा, तुमच्यापेक्षा शांत आहे तो." मी हसायचे, पण आतून चुळबुळ व्हायची. कपड्यांच्या घड्या करायच्या पडल्यात आणि पोरगी नारळापुढे बसलीय...

अकराव्या दिवशी संकष्टी आली. मोदकांसाठी मी आदल्या दिवशी एक नारळ आणून ठेवला होता. पण माझी सवय अशी की घरात जुनं असताना नवं फोडायचं नाही. खिडकीतला हलवून बघितला, तर आत पाणी जेमतेम वाजत होतं. आणखी दहा दिवस राहिला तर खवट होणार. देवाचंच काम आहे, असं मनाशी म्हटलं आणि फोडला.

नवा त्याच्या जागी ठेवला. नारळ तो नारळ, त्यात काय. पण ठेवताना शेंडी आधीच्यासारखीच डावीकडे वळवली... हे मात्र मी मुद्दाम केलं.

संध्याकाळी सायली बसली आणि दोन मिनिटांत उठून स्वयंपाकघरात आली. "आई, नारळ तोच आहे ना?"

"तोच आहे. दुसरा कुठून येणार?"

सारण ढवळत होते, पाठ होती तिच्याकडे. पोटात उपास, ओठांवर देवाचं नाव, आणि त्याच तोंडाने हे बोलले. ठरवून नाही... रागवेल, तिचे मार्क जातील, एवढं क्षणात मनात आलं आणि शब्द निघून गेले. ती "बरं" म्हणाली आणि परत जाऊन बसली. जेवताना त्याच नारळाचे मोदक खाल्ले तिने. "मस्त झालेत," म्हणाली.

त्यानंतरचे दहा दिवसही ती बसली. मला रोज वाटायचं उद्या सांगू, मग वाटायचं आता चारच दिवस राहिलेत.

शनिवारी मुलांनी आपापल्या वह्या घेऊन वर्गात बोलायचं होतं, पालकांनाही बोलावलं होतं. कुणी कुलपाबद्दल बोललं, कुणी आजोबांच्या चष्म्याबद्दल. सायली उभी राहिली आणि पहिल्या दहा दिवसांबद्दल इतकं छान बोलली... शेंडीच्या धाग्यांमागे नारळाचा एक डोळा बाकी दोन्हींपेक्षा मऊ दिसतो, त्याच्या खाली कोयत्याचा बारीक घाव आहे, चंद्रकोरीसारखा. मी आयुष्यभर नारळ फोडले, एवढं कधी बघितलं नव्हतं.

मग म्हणाली, "अकराव्या दिवशी मला तो घाव दिसेना. आईला विचारलं, तर ती म्हणाली तोच आहे. आई खोटं बोलत नाही. म्हणजे दहा दिवस मी मनाचंच लिहीत होते. म्हणून ती पानं खोडली." आणि वही वर धरली. दहाही पानांवर आडव्या रेघा...

मॅडम म्हणाल्या, "खोडायची एवढी घाई का केलीस?" ती म्हणाली, "आईने सांगितलं ना." वर्ग थोडासा हसला.

मी शेवटच्या बाकावर होते. उठून बोलायला हवं होतं. बसून राहिले. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "किती विश्वास आहे हो लेकीचा तुमच्यावर." आणि मी मान डोलावली.

बसस्टॉपवर मात्र राहवेना. "सायली, तो नारळ मी फोडला गं. मोदकांत घातला." ती बघतच राहिली. वाटलं, आता रडेल, नाहीतर चार लोकांत बोलेल मला. पण ती हळूच म्हणाली, "म्हणजे मला बरोबर दिसत होतं." तिचा चेहरा इतका मोकळा झाला, की तो बघून मला जास्त मेल्यासारखं झालं. दहा दिवस पोर स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होती... माझ्या एका वाक्यामुळे.

मग म्हणाली, "मॅडमना मी नाही सांगणार. तू सांग."

परत फिरलो. तीन जिने चढले आणि मॅडमसमोर उभं राहून सगळं सांगितलं. मॅडम मला म्हणाल्या, "बसा, पाणी घ्या," एवढंच. सायलीला म्हणाल्या, "पानं नव्याने लिहून काढ. रेघांखालचं वाचता येतंय अजून." त्यांचे आभार कसे मानायचे ते तेव्हा सुचलं नाही, इथे मानते.

त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की सायली क्षणभर थांबते आणि माझ्याकडे बघते. इस्त्रीवाला येऊन गेला, एवढं सांगितलं तरी... पूर्वी बघत नसे. लागतं मनाला.

पण बघू दे. आता तिने तेवढं बघितलेलंच बरं.