दाजींचा ‘आणि’

जगातलं कुठलंही वाक्य शेवटचं नसतं, त्यात एक दुरुस्ती अजून बाकीच असते, अशी आमच्या साडूंची श्रद्धा आहे. आणि इतक्या निष्ठेनं कुणी देवाचंही केलेलं मी पाहिलं नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि ते मला साडूभाऊ. एका लहानशा जलविद्युत कंपनीत आम्ही दोघंही नोकरीला लागलो. मी धरणाच्या पायथ्याशी वीजघरात, आणि ते इथं शहरात, परवाना विभागात. वीजघर चालवायला नियामक मंडळाचा परवाना लागतो. त्या परवान्याला अटी असतात. धरण म्हातारं होतं, यंत्रं बदलतात, नदीकाठची वस्ती सरकते, तशा त्या अटीही बदलून घ्याव्या लागतात. हे बदल शब्दांत बसवायचे, एवढंच दाजींचं काम. उभी नोकरी त्यांनी ‘या मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात यावा’ हे एकच वाक्य लिहिण्यात काढली. एके दिवशी ते वाक्य रिकाम्या डब्याबरोबर त्यांच्या घरी आलं आणि तिथंच राहिलं.

मग त्या घरात साधं काही उरलं नाही. गारखेड्यात त्यांच्या घराखाली चहाची टपरी आहे, तिथं ते चहा सांगत, “एक कटिंग. परंतु, साखर वगळून.” आमच्या मुलीच्या साखरपुड्याची पत्रिका मी त्यांना नुसती बघायला दिली होती. ती छापून आली तेव्हा ‘सायंकाळी सात वाजता’ याच्यापुढं ‘अथवा वरपक्ष येऊन पोहोचेल तेव्हा, यांपैकी जे नंतर घडेल ते’ असं आलं होतं. व्याह्यांनी ते मनाला लावून घेतलं. पण वरपक्षाला करमाडजवळ टायर फुटून पोहोचायला साडेआठ झाले, आणि मग मांडवभर दाजी असे फिरत होते, जणू टायर त्यांनीच फोडला. ताईंची, म्हणजे माझ्या मेहुणीची, तक्रार वेगळीच. “ह्या माणसाशी मला धड भांडतासुद्धा येत नाही,” त्या म्हणायच्या. “मी बोलायला लागले की हे शांतपणे म्हणतात, हा आरोप तुझ्या मघाच्या आरोपाशी विसंगत आहे, दोन्हींपैकी एक मागे घे. मग कुठला घ्यायचा ह्या विचारात माझा राग जातो हो!” शहराचं नाव बदललं तेव्हा गल्लीत जो तो आपलं मत सांगत होता. दाजींना मत नव्हतं, काळजी होती. “नाव बदलणं सोपं आहे,” ते मला म्हणाले, “पण ‘पूर्वीच्या नावाखाली केलेली प्रत्येक गोष्ट नव्या नावाखाली केली असल्याचे मानण्यात येईल’ हे कुणीतरी लिहिलं आहे का? नाहीतर साडूभाऊ, तुमचं लग्न कुठं झालं?” ते लिहिलेलं असणार, असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्या बायकोकडं बघून “अभिनंदन” म्हटलं.

लोक दुपारी रहस्यकथा वाचतात, तसे दाजी अणुवीज केंद्रांच्या परवान्यांतल्या दुरुस्त्या वाचत. देशोदेशीच्या. त्यांच्या मुलीनं संगणकावर त्या उघडायला शिकवलं होतं. आम्ही रविवारी गेलो की चहाच्या आधी एक दुरुस्ती ऐकावी लागे. कुठल्यातरी लांबच्या देशात एका झडपेची तपासणी दर महिन्याऐवजी दर तीन महिन्यांनी करायची होती, आणि त्या एका शब्दासाठी लोकांनी गठ्ठाभर पानं लिहिली होती: झडप अडकली तर काय, अडकलेली कळलीच नाही तर काय, ज्याला कळायचं तो माणूस सुट्टीवर असला तर काय. आम्ही जांभया देत असू. दाजी मात्र चष्मा काढून डोळे पुसत. “हसा,” ते म्हणत, “पण बघा ना हो, ज्याला हे लिहिणाऱ्यानं कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही, त्याचा कुणीतरी एवढा विचार केला.” कडक माणूस झडपेसाठी रडतो, हे मी वीजघरात जाऊन तिखटमीठ लावून सांगत असे, आणि माझ्या हाताखालची पोरं खो-खो हसत असत. मी एरवी बोलत नाही. दाजींच्या जिवावर माझी विनोदी माणूस म्हणून ख्याती झाली, हे त्यांना अजून माहीत नाही.

पण याहून मोठं एक आहे, आणि त्याच्यामुळंच दाजींवर लिहायचं मी इतके दिवस टाळलं. आमच्या परवान्यात दाजींनीच तरुणपणी घातलेली एक अट होती: टर्बाइन सुरू करून नदीत पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवावा. धरणाखाली नदीचं पात्र रुंद आणि एरवी कोरडं. वाळूत उंचवट्यावर टरबुजांचे वेल असतात, डबक्यांवर बाया धुणं धुतात, म्हशी बसतात. टर्बाइन फिरलं की घटकाभरात तिथं कमरेएवढं पाणी. भोंगा वाजला की सगळे उठून काठावर येत, पाणी जाऊ देत, आणि परत आपापल्या कामाला लागत. हे सगळं वर्षानुवर्षं इतकं सुरळीत चाललं होतं की भोंगा आहे हेच आम्ही विसरलो होतो. मग कंपनीला संध्याकाळची, महागाच्या वेळेची वीज करायची होती. वेळ बदलायची म्हणून परवाना बदलायचा, आणि परवाना बदलायचा म्हणून निवृत्त दाजींना पुन्हा बोलावलं. त्यांनी मसुदा केला. त्यात म्हटलं होतं, पाणी सोडण्यापूर्वी ‘भोंगा वाजवून आणि मोबाईलवर संदेश पाठवून’ सूचना द्यावी. मसुदा देऊन दाजी लेकीकडं तिच्या बाळंतपणाला गेले.

मुख्यालयातून एक तरुण साहेब आले. हुशार, गोड बोलणारे. वीजघराचा प्रमुख म्हणून माझी सही हवी होती. “सर, एवढं ‘आणि’चं ‘किंवा’ करू या,” ते म्हणाले. “‘आणि’ ठेवलं तर एखाद्या दिवशी भोंगा बिघडला तरी आपण अट मोडली असं होतं. शिवाय भोंगा हा शब्द हल्ली जरा नाजूक आहे, नाही का? उगाच कुणी वेगळाच अर्थ काढायचा.” मला कळलं होतं. ‘किंवा’ आला की काही महिन्यांत भोंगा जाणार, हे मला तितकंच स्पष्ट कळलं होतं जितकं दाजींना कळलं असतं. मी “बघा बुवा” म्हणालो आणि सही केली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका मी गप्प बसूनच केल्या आहेत. बोलून चूक करण्याइतका मी कधी बोललोच नाही. पुढं भोंग्याची मोटर जळाली. दुरुस्तीचा कागद मुख्यालयात गेला आणि परत आला नाही. संदेश मात्र न चुकता जात राहिले.

दाजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. मंजूर झालेला परवाना त्यांनी मागितला तेव्हा “देतो” म्हणून मी दिला नाही. पाचोडावरून पुढं गेलं की आमच्याच धरणाखाली नदीकाठी त्यांची मोसंबीची लहानशी बाग आहे, तिथं ते दर शनिवारी जात, संध्याकाळी काठावर बसत आणि आपल्या अटीची वाट बघत. पाणी यायचं, लोक धावत वर यायचे. भोंगा मात्र दाजींना ऐकू यायचा नाही. आणि इथं दाजींच्या स्वभावानं घोटाळा केला. त्यांचे कान काही वर्षांपासून जड झाले होते, ते त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. ताई डॉक्टरकडं चला म्हणाल्या की उत्तर ठरलेलं, “मला ऐकू येतं. मान्य नसतं.” आता शेजाऱ्याला ‘भोंगा वाजला का हो?’ असं विचारणं म्हणजे कान गेल्याचं मान्य करणं. ते कुणालाच विचारेनात. उलट एके दिवशी निमूटपणे जाऊन कानाचं मशीन घेऊन आले. ताई आनंदानं माझ्या बायकोला फोनवर सांगत होत्या, “अगं, शेवटी माझं ऐकलं गं त्यांनी!” त्यांनी ताईंचं ऐकलं नव्हतं. भोंग्यासाठी मशीन आलं होतं. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही.

मशीन लावूनही भोंगा येईना. “कावळा येतो, मोटरसायकल येते, तुमच्या ताई तर फारच येतात,” दाजी मला म्हणाले. “दुकानदार म्हणतो, फार मोठा आवाज हे यंत्र आपणहून दाबून टाकतं. म्हणजे ज्याच्यासाठी घेतलं तेवढंच नेमकं वगळून!” मग ते संध्याकाळी काठावर बसून मशीन एकदा काढून, एकदा घालून बघत. ताईंना त्यांच्या एकटं जाण्याची काळजी वाटायला लागली. “भावोजी, या शनिवारी तुम्ही जा ना त्यांच्याबरोबर,” त्या म्हणाल्या. नाही कसं म्हणणार?

काठावर आम्ही मोसंबी सोलत बसलो होतो. खाली वाळूत टरबूजवाले चाचा वेलांना पाणी देत होते. दाजींचे जुने दोस्त. बायांचं धुणं चालू होतं. एकाएकी खालून ओरडा झाला, बाया ओले कपडे कवटाळून पळाल्या, आणि चाचा गुडघाभर पाण्यातून लुंगी सावरत वर आले. एक चप्पल पायात, दुसरी नदीत.

“गया डब्बा!” धापा टाकत ते हसले. “सालन लई भारी होतं साहब, आज मछलीकी दावत.”

मी विचारलं, “चाचा, मेसेज आला नव्हता?”

“आता है की. रोज आता है. पर फोन झोपडीत चार्जिंगला, अन् मी इथं वाळूत. मी झोपडीत जाके पढेपर्यंत पानी थोडंच रुकता?” मग खाली बघून ते जरा गंभीर झाले. “मी तर भागतो हो. वो शांताबाईकी सासू को दिखता नै. रोज तिला दोघी धरून काढतात.”

दाजी मशीन हातात घेऊन बसले होते. त्यांनी ते पुसलं, कानात घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, “साडूभाऊ, तुम्हाला ऐकू आला का?”

मी म्हणालो, “नाही दाजी. वाजलाच नाही. गेली दोन वर्षं वाजत नाही.”

मला वाटलं आता काहीतरी कोसळणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते निखळ समाधान होतं. “म्हणजे माझे कान चांगले आहेत!” ते म्हणाले.

मग मी उरलेलं सांगितलं. ‘आणि’चं ‘किंवा’ झालं, आणि खाली माझी सही आहे.

“मला विचारायचं होतंत.”

“तुम्ही लेकीकडं होतात.”

“फोन होता.”

“फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही.”

“कारण चांगलं आहे,” दाजी म्हणाले. “पण खरं नाही.”

“खरं नाही,” मी म्हणालो.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुधा दिल्या नाहीत. चाचांना एक सोललेली मोसंबी देऊन ते म्हणाले, “‘किंवा’ या शब्दाऐवजी ‘आणि’ हा शब्द दाखल करण्यात यावा. अर्ज तुम्ही करा. मी तपासून देणार नाही.” आणि उठता उठता पुढं म्हणाले, “तोवर एक लक्षात घ्या. ‘किंवा’ म्हणजे दोन्ही करायला बंदी नाही.”

मोटर मी दुसऱ्याच दिवशी रिवाइंडिंगला टाकली. मुख्यालयाला विचारलं नाही, कळवलं. त्यांचं उत्तर यायचं ते येवो. अर्जही गेला आहे. मसुदा मी एकट्यानं केला, आणि त्या एका ओळीखाली झडपवाल्यांसारखी पानंच्या पानं लिहिली: फोन चार्जिंगला असला तर काय, वाचता येत नसलं तर काय, दिसतच नसलं तर काय. मंडळानं सुनावणी ठेवली आहे. मुख्यालयाचे तरुण साहेब हल्ली माझ्याशी गोड बोलत नाहीत, आणि निवृत्तीपूर्वी माझी बदली होईल अशी कुजबुज आहे.

कान चांगले असल्याचा शोध लागल्यापासून दाजींनी मशीन कपाटात ठेवून दिलं आहे. ताईंनी माझ्यावर रागावून बघितलं, आणि तो राग रास्तच आहे. शनिवारी मी त्यांच्याबरोबर जातो. परवा आम्ही काठावर बसलो होतो. वर धरणाकडून भोंगा सुरू झाला; लांबलचक, खरखरीत, मला तर अंगावर काटा येईपर्यंत ऐकू आला. दाजी मोसंबीचं साल एका तुकड्यात काढण्यात गुंग होते. त्यांनी मान वर केली नाही. भोंगा वाजून थांबला. खाली शांताबाईनं धुणं बादलीत भरलं, सासूचा हात धरला, आणि दोघी घाई न करता चढण चढू लागल्या. चाचा डबा काखेत मारून, दोन्ही चपला पायात घालून निघाले. वाळू रिकामी झाली. तेव्हा कुठं दाजींचं तिकडं लक्ष गेलं. कोरड्या पात्रातून कोरड्या पायांनी वर येणाऱ्या माणसांकडं ते बघत राहिले.

“वाजला,” ते म्हणाले.

“हो दाजी,” मी म्हणालो. “आत्ताच.”