साहेबांची गाडी आणि बाबांची चप्पल

वंगणाची मला किळस आहे. फिटरच्या तोंडी हे शोभत नाही, हे मलाही कळतं. पण सगळी उमर कारखान्यात काढूनही ग्रीसच्या डब्यात बोट घातलं की मला कसंसंच होतं. त्यात केस निघाला तर विचारूच नका.

आमच्या खात्याच्या साहेबांच्या गाडीत केस निघाले होते. गाडी म्हणजे खेळण्यातली, हातभर लांबीची, हातातल्या रेडिओच्या डबीवर चालणारी, त्यांनी जपानहून आणलेली. ऐंशी सालानंतरच्या दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. पन्नाशीला आलेला हा माणूस दर रविवारी खोपोलीहून जीप काढून पळसदरीच्या धरणावर यायचा आणि पाणी ओसरलेल्या काठावर, धुळीत, ती गाडी पळवायचा. एका सोमवारी त्यांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली.

"करकरतेय. रविवारी पाहुणे येणार आहेत. तोवर बघ."

तेव्हा मी चार वर्षं टेंपररी होतो. काही महिने झाले की ब्रेक द्यायचे, मग पुन्हा घ्यायचे. कायम करायच्या माणसांची यादी साहेबांच्या टेबलावर आहे, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. गाडी चालली तर यादीत आपलं नाव, नाहीतर पुन्हा ब्रेक, असं मी मनाशी पक्कं धरलं.

मागच्या चाकांमधला डबा उघडला आणि मला ओकारी आली. आत पांढरी दातेरी चाकं होती म्हणे. दिसत होता तो चिखल, त्यात शेणातल्या काड्या, झुरळाचा पंख आणि साहेबांच्या कुत्र्याचे केस, दांड्याला घट्ट गुंडाळलेले. ते केस मी सुईने एकेक करून ओढून काढले, तोंड फिरवून. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं धुतलं. मग कारखान्यातलं पिवळं ग्रीस डब्यात गच्च भरलं. कमी पडलं तर मशिन बसतं, जास्त झालं तर काही बिघडत नाही, हेच आम्हाला शिकवलं होतं.

शुक्रवारी पहिली पाळी संपवून गाडी घरी नेली. आमचं गाव पळसदरीच्या अलीकडे, धरणाच्या वाटेवरच. भाताची झोडणी नुकती उरकली होती. खळं मोकळं होतं, तिथेच मी ती चालवून पाहिली. पाच मिनिटं झकास पळाली. मग घशात काटा अडकल्यासारखी घरघरली आणि बसली. मी तिला ओट्यावर ठेवलं आणि हात धुवायला विहिरीवर गेलो.

परत येऊन बघतो तर बाबा ती उलटी करून पोटात बोट घालून बसलेले.

बाबांच्या हातांबद्दल सांगायलाच हवं. आमची बैलगाडी होती. तिच्या चाकांना घालायचं काळं वंगण त्यांच्या नखांत कायमचं बसलं होतं. त्याच हातांनी ते भात कालवायचे. त्यांच्या ताटाकडे न बघता जेवायला मी लहानपणीच शिकलो होतो. आयटीआयला गेलो आणि एकाच पंगतीला बसणंही टाळायला लागलो.

"हात नका लावू त्याला," मी ओरडलो. "घाण हात तुमचे. आधीही लावला असणार तुम्ही. तुमच्या वंगणानंच बसली ती. माझी नोकरी जाईल, कळतंय का?"

शेजारची माणसं बघत होती. बाबांनी गाडी खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले.

मी डबा उघडला. आत राखाडी लगदा होता, गवंड्याच्या मालासारखा. खळ्यातली धूळ आणि भाताचा कोंडा ग्रीसमध्ये कालवला गेला होता आणि त्याने दात खाऊन टाकले होते. बाबांचं वंगण काळं, त्याला जळक्या एरंडेलाचा वास. हे माझं होतं, कारखान्यातलं. ते मला त्याच क्षणी कळलं. मी लगदा चिंधीने पुसायला लागलो.

बाबा जवळ न येता म्हणाले,

"जात्याच्या दगडाला कोन तेल लावतं का रं? माती चिकटते ती तेलाला. कोरड्याला नाय चिकटत. तू आत दळन घातलंस. आन् डब्याच्या खालचं भोक उघडंच ठेवलंस. ते बुजव आदी."

साहेबांनी खोक्यात जादा चाकं दिली होती, ती मी बसवली. कोरडी. भोक बुजवायला बाबांनी स्वतःची जुनी चप्पल घेतली. आठदहा पावसाळ्यांचा घाम प्यालेलं ते चामडं त्यांनी विळ्याने सोललं, तेव्हा असा वास सुटला की मी नाकाला रुमाल लावला. मऊ व्हावं म्हणून ते त्यांनी तेलात भिजवलं, पिळून पिळून कोरडं केलं. डब्याच्या तळाला एक पट्टी, आणि दांडा बाहेर येतो तिथे दोन्हीकडे एकेक वळं. बैलगाडीच्या चाकात चिखल जाऊ नये म्हणून ते हेच करत आले होते. दाबून बसवताना मात्र ते मला म्हणाले, "तूच बसव. माजे हात नको."

रविवारी धरणावर साहेबांनी तासभर गाडी धुळीत लोळवली. पाहुण्यांसमोर डबा उघडला. आत चाकं पांढरीशुभ्र. साहेबांनी चामड्याला बोट लावलं, वास घेतला आणि विचारलं, "डोकं कुणाचं?"

"माझंच, साहेब. मशिनच्या पट्ट्याचा तुकडा पडला होता, त्याचं केलं."

इतक्या सहज निघालं तोंडातून. मला अजून त्या सहजपणाची शिसारी येते. केस, झुरळ, घामट चामडं हे सगळं हात धुतले की गेलं.

संक्रांतीच्या आधी कायम झाल्याचं पत्र मिळालं. बरोबर साहेबांचा निरोपही आला: मित्रांच्या गाड्यांसाठी चामड्याच्या वळ्यांच्या आणखी चार जोड्या कर. झक मारत बाबांकडे गेलो. त्यांनी दुसरी चप्पल काढली, कापायला बसले, आणि मान वर न करता विचारलं, "सायबाला सांगितलंस का रं, कोनी केलं?"

"सांगितलं. तुमचं नाव सांगितलं," मी म्हणालो. "साहेब म्हणाले, एकदा भेटायला हवं."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलायचं तर ते गोड असावं, अशी आमची अक्कल.

त्यानंतर दर रविवारी सकाळी बाबा विहिरीवर बसून राखेने आणि नारळाच्या शेंडीने हात घासायचे. नखांतली काळी रेघ तरी निघायची नाही, मग बाभळीच्या काट्याने कोरायचे. बोटं लाल व्हायची. धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचे आणि हात मांडीवर उघडे ठेवायचे. "सायेब उतरला तर हात बरे दिसाया हवेत," असं आईला सांगायचे.

जीप यायची, आमच्या दारावरून धरणाकडे निघून जायची. तेवढा वेळ मी आतल्या खोलीत थांबायचो. साहेबांनी कधी हाक मारलीच असती, तर ती माझ्या नावाने मारली असती.